फ्लॅट दोघांच्या नावावर, तुम्ही भाड्याच्या घरात: राहण्याचा खर्च मागता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात वाकडला टू बीएचके, नवरा-बायको दोघांच्या नावावर. गृहकर्जही दोघांच्या नावावर. भांडण विकोपाला गेल्यावर ताई मुलीला घेऊन बाहेर पडल्या. काही दिवस माहेरी राहिल्या, आता चिंचवडला भाड्याच्या वन बीएचकेत आहेत. फ्लॅटचं कुलूप बदललंय. हप्त्याचा निम्मा वाटा अजूनही ताईंच्या पगारातून जातोय. भाड्याचं काही बघा म्हटलं की नवरा म्हणतो, "अर्धा फ्लॅट तुझ्या नावावर आहे, भाडं कसलं मागतेस?" ओळखीतल्या एका गृहस्थांनी भर घातली की भाडं मागितलंत तर फ्लॅटवरचा हक्क सोडल्यासारखं होईल. घटस्फोटाची केस अजून कोणीच घातलेली नाही.

ताई, दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. फ्लॅटची मालकी, डोक्यावर छप्पर असण्याचा हक्क आणि बँकेचं कर्ज ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. तिन्हींचे कायदे वेगळे आणि निकाल लागण्याचा वेगही वेगळा. समोरचा वकील ती मुद्दाम एकत्र कालवतो, कारण त्यात त्याच्या अशिलाचा फायदा असतो. आपण ती सुटी करायची.

आधी छप्पर, कारण ते आज लागतंय. त्यासाठीचा कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा अधिनियम. कोर्टात सगळे त्याला डीव्ही म्हणतात. हिंसाचार म्हणजे मारहाणच असं समजून कित्येक जणी या कायद्याकडे फिरकत नाहीत, 'माझ्यावर कधी हात उचलला नाही हो' म्हणतात. कलम ३ वाचा. आर्थिक छळ हा हिंसाचारच आहे, आणि घराच्या वापरापासून वंचित ठेवणं, घरखर्च किंवा भाडं न देणं, सामाईक मालमत्ता परस्पर विकायला काढणं हे सगळं त्यात येतं. कुलूप बदलून तुम्हाला बाहेर ठेवलं, हे एवढंही त्यात बसतं.

याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एकत्र नांदलेल्या घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. तुमचं तर नावच कागदावर आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते 'सामाईक घर' ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२०च्या सतीशचंदर अहुजा निकालात सांगितलं आणि त्याआधीचा बत्रा निकाल चुकीचा ठरवला. तुम्हाला तेवढं लांब जायची गरज नाही.

तुमच्या कामाचं खरं कलम १९. त्यात दंडाधिकारी निवासाचे आदेश देतात: घराबाहेर काढू नका, घर विकू नका किंवा त्यावर बोजा चढवू नका, गरज पडली तर पुरुषाने घर सोडावं, असे. आणि १९(१)(फ) असं आहे की सामाईक घरात जसं राहणीमान होतं त्याच दर्जाची पर्यायी जागा द्यावी, किंवा परिस्थिती तशी असेल तर तिचं भाडं द्यावं. हीच तुमची भाड्याची मागणी. अर्जदार सहमालक असेल तर हे मिळणार नाही, असं त्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही.

मग 'अर्धा फ्लॅट तुझा' या मुद्द्याचं काय होतं? तो उलटतपासणीत येणारच, त्याची तयारी ठेवा. प्रश्न साधारण असे असतात. "तुमच्या नावावर वाकडला फ्लॅट आहे, हे खरं आहे का?" "हो, दोघांच्या नावावर." "म्हणजे तुम्हाला राहायला जागा आहे." इथे बऱ्याच जणी गडबडतात, रडतात किंवा सगळा इतिहास सांगायला लागतात. उत्तर एका वाक्याचं आहे: "नाव माझं आहे, किल्ली त्यांच्याकडे आहे." ज्या घरात पाऊल टाकता येत नाही ते घर गरज भागवत नाही, हे न्यायाधीशाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फक्त किल्ली खरंच त्यांच्याकडे आहे, हे कागदावर दिसलं पाहिजे.

म्हणून अर्ज करण्याआधी एक काम करा. नवऱ्याला साधं, सभ्य पत्र पाठवा, रजिस्टर एडीने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही: मी या फ्लॅटची सहमालक आहे, कुलूप बदललेलं आहे, अमुक तारखेपर्यंत मला किल्ली द्यावी आणि माझ्या व मुलीच्या सामानासाठी प्रवेश द्यावा. शिव्या नाहीत, जुनी उणीदुणी नाहीत. 'येऊ नकोस' असं उत्तर आलं तर तोच पुरावा. उत्तरच आलं नाही, तर तोही पुरावा. किल्ली आली, तर प्रश्नाचं स्वरूपच बदलतं आणि मग तिथे परत राहणं तुम्हाला सुरक्षित वाटतं का, याचा विचार करायचा. मारहाणीचा किंवा धमकीचा इतिहास असेल तर मात्र एकटीने किल्ली मागायला दारात जाऊ नका. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे डीव्हीखाली नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत, जा. त्या पत्राचा पुढेही उपयोग होतो. एक सहमालक एकटा घर वापरतो म्हणून दुसऱ्याला आपोआप भाडं देणं लागत नाही. दुसऱ्याला बाहेर ठेवलं हे सिद्ध झालं, तर वापराबद्दल भरपाई मागायला जागा होते.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश डिलीट करू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी हेच '६५ ब'चं सर्टिफिकेट होतं आणि कोर्टात अजून बरेच जण त्याला तेच म्हणतात.

आता अर्जातल्या मागण्या कशा लिहायच्या, कारण ओळखीतल्या त्या गृहस्थांची भीती इथेच दूर होते. मागण्या एकाखाली एक, पर्यायी स्वरूपात मांडतात. पहिली: वाकडच्या फ्लॅटमध्ये अर्जदार व तिच्या मुलीला निर्वेध राहू द्यावं. दुसरी: ते आजच्या परिस्थितीत शक्य नसल्यास, तिथल्या दर्जाच्या जागेचं दरमहा भाडं, डिपॉझिट व दलाली जाबदाराने (म्हणजे नवऱ्याने) द्यावी. तिसरी: फ्लॅट विकू, गहाण टाकू किंवा कोणाला भाड्याने देऊ नये. चौथी: गृहकर्जाचे हप्ते व सोसायटीचा मेन्टेनन्स, जो घर वापरतोय त्याने भरावा. या सगळ्यावर एक ओळ हवीच: 'भाड्याची मागणी केल्याने अर्जदाराच्या मालकी हक्काला कोणतीही बाधा येत नाही, तो हक्क ती राखून ठेवत आहे.' ही ओळ नसली तरी मालकी जात नाही, कारण स्थावरावरचा हक्क असा तोंडी किंवा अर्जातून सुटत नाही. पण ओळ असली की समोरच्याच्या 'से'मधला (लेखी उत्तरातला) निम्मा युक्तिवाद तिथेच संपतो.

एक बारकावा नवे वकील हमखास सोडतात. भाडं फक्त कलम १९ खाली न मागता कलम २० खाली आर्थिक मदत म्हणूनही मागा. कारण २०(६) प्रमाणे पैसे थकले तर नवऱ्याच्या कंपनीला थेट त्याच्या पगारातून रक्कम वळती करायला कोर्ट सांगू शकतं. आयटीत किंवा कारखान्यात पगारदार असलेल्या माणसाबाबत ही तरतूद फार उपयोगी आहे. आदेश मिळवणं एक आणि वसुली दुसरी. वसुली अर्जाच्या तारखांवर तारखा पडताना बघितलेल्या माणसालाच याची किंमत कळते.

कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा. त्या भरवशावर घरभाड्याचं गणित मांडू नका. मूळ अर्ज रेंगाळतो, म्हणून कलम २३ खाली अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा अर्ज, त्याच दिवशी द्यायचा आणि सगळा जोर त्यावर लावायचा. राजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. अर्जाला उशीर केलात तर त्या महिन्यांचं भाडं तुमच्या खिशातून गेलं असं धरा.

त्याच निकालाने दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. छापील नमुना आहे, पानंच्या पानं. तुमचा पगार, एफडी, सोनं, म्युच्युअल फंड आणि हो, फ्लॅटमधला तुमचा हिस्सा, सगळं लिहा. लपवलेलं एक खातं सापडलं की बाकी नव्व्याण्णव खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. मालकीच्या रकान्यात फ्लॅट लिहिताना शेजारी 'ताबा: जाबदाराकडे, कुलूप बदलल्यापासून' असं तारखेसह लिहून ठेवा.

किती भाडं मिळेल याचं सूत्र नाही. 'त्याच दर्जाची' म्हणजे तसाच स्विमिंग पूल असलेली सोसायटी नव्हे, पण कुठेही एखादी खोली घ्या असंही नाही. मुलीची शाळा, तुमचं ऑफिस, दोघांचे पगार हे बघतात. तुम्ही कमावता म्हणून भाडं अजिबात मिळणार नाही असं नाही, पण रक्कम कमी होऊ शकते, ही मनाची तयारी असू द्या. 'मी हप्ता भरतो, मग माझ्याकडे उरतं काय' असं नवरा म्हणेल. प्राप्तिकर आणि भविष्य निर्वाह निधी यांसारख्या सक्तीच्या कपाती कोर्ट धरतं. स्वतःची मालमत्ता उभी करणारा हप्ता तसा सरसकट वजा करत नाहीत. तुमच्या बाबतीत त्या हप्त्यातून थोडी तुमचीही मालमत्ता उभी राहतेय, त्यामुळे हा मुद्दा पूर्ण तुमच्या बाजूचा नाही. पण निम्मा हप्ता तुम्हीच भरताय, हे बँकेच्या स्टेटमेंटवरून दाखवलंत की तराजू सरळ होतो.

भाड्याचा पुरावा पक्का हवा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. घरमालक नोंदणीला कां-कू करत असेल तर त्याला सांगा की ही जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकली आहे. रोख भाडं देऊ नका. आई-वडिलांकडे असतानाच्या काळाचं भाडं मागणं अवघड असतं, तरी 'माहेर आहे की' हे काही कायमचं उत्तर होत नाही. आजूबाजूच्या दोन-तीन जागांचे करार किंवा दलालाची लेखी कोटेशनं जोडून पुढच्या काळासाठी मागणी करता येते.

आता मालकी. दोघांची नावं आहेत म्हणजे निम्मं-निम्मं, असं सगळे धरून चालतात. कायदा थोडा वेगळा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ४५ सांगतं की करारात काही ठरलं नसेल तर ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर समसमान. म्हणजे कागद जपणाऱ्याचा फायदा. तुम्ही डाऊनपेमेंटसाठी पाटल्या मोडल्या असतील तर सराफाची पावती, ती रक्कम खात्यात जमा झाल्याची नोंद आणि बिल्डरला गेलेला चेक, अशी साखळी जुळवा. दस्ताची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, दस्ताच्या नोंदणीचा सारांश) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून काढता येते, मूळ करार नवऱ्याकडे असला तरी अडत नाही. बँकेकडून मंजुरीपत्र आणि सुरुवातीपासूनचं कर्जाचं स्टेटमेंट मागा. सहकर्जदार म्हणून तो तुमचा हक्क आहे.

'पैसे सगळे मी घातले, बायकोचं नाव नुसतं लावलं' हेही कधीकधी ऐकायला येतं. २०१६च्या दुरुस्तीनंतर बेनामी कायद्यात जोडीदाराच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे, तिचा आधार घेऊन हा बचाव मांडतात. हप्ता तुमच्या पगारातून जात असेल तर तो फारसा टिकत नाही.

वाटप मागायचं असेल तर ते डीव्हीत होत नाही. पती-पत्नीमधल्या मालमत्तेचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालतो. पुण्यात शिवाजीनगरला. फ्लॅटच्या मधोमध भिंत घालून वाटप होत नाही, त्यामुळे १८९३च्या वाटप कायद्याप्रमाणे निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेला सहमालक विक्रीची मागणी करू शकतो. ती केली की दुसऱ्याला कोर्टाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. म्हणजे विक्री मागणाऱ्यावरच आपला हिस्सा देऊन बाहेर पडायची वेळ येऊ शकते. फ्लॅट तुम्हालाच ठेवायचा असेल तर घाईने विक्रीची मागणी करू नका. हिस्सा घेण्याइतकं कर्ज तुम्हाला एकटीला मिळतं का, ते आधी बँकेत विचारून घ्या. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. वैवाहिक वादातल्या मालमत्तेला ती लागू होते. कोणी स्टँपचे पैसे मागितले तर ही अधिसूचना दाखवा.

कर्ज हे तिसरं प्रकरण, आणि सगळ्यात निर्दयी. बँकेला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नाही. दोघंही सहकर्जदार, म्हणजे बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते. 'निम्मा हप्ता माझा' हा तुमचा आपसातला हिशेब. एखाद्या महिन्यात नवऱ्याने भरलं नाही तर सिबिल तुमचाही घसरतो. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, मग तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस, आणि घर बँकेच्या ताब्यात जाण्याची वाट मोकळी. म्हणून रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. भरायचा तर थेट कर्जखात्यात, स्वतःच्या खात्यातून. नवऱ्याला गूगल पेवर दिलेल्या पैशांना तो उद्या 'घरखर्चाला दिले होते' म्हणेल. ऐपतच नसेल तर कोर्टाकडून आदेश घ्या. डीव्हीच्या कलम १९(६) प्रमाणे भाडं व इतर देण्यांची जबाबदारी कोर्ट जाबदारावर टाकू शकतं.

बँकेला आजच एक पत्र द्या आणि पोचेचा शिक्का घ्या: माझ्या सहीशिवाय टॉपअप (त्याच घरावर वाढीव कर्ज) किंवा अटींमध्ये बदल करू नये, आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागद माझ्या गैरहजेरीत एकट्या सहकर्जदाराला देऊ नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करावे लागतात, त्यामुळे ते पटकन हातात पडतात. कोणाच्या हातात, याची काळजी आपण घ्यायची. तसंच पत्र सोसायटीच्या सेक्रेटरीला: शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरणाचा अर्ज घेऊ नये. सोसायटी कोर्ट नाही, पण सेक्रेटरीच्या फायलीत असं पत्र असलं की गिऱ्हाईक बिचकतं.

सरकारी घरयोजनांबद्दलही विचारलंय. तिथे मात्र अर्धा फ्लॅट खरोखरच आडवा येतो. सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी प्रधानमंत्री आवास योजना २.० मध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं, आणि त्यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, अशी अट आहे. वेगळं राहणं पुरत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत कागदोपत्री तुम्ही एकच कुटुंब आहात, आणि हुकूमनाम्यानंतरही हिस्सा तुमच्या नावावर असेपर्यंत अडचण राहते. म्हाडाच्या सोडतीतही अर्जदार, जोडीदार व अज्ञान मुलांच्या नावावर घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते खोटं देऊन घर लागलं तरी पुढे पडताळणीत जातं. या योजना हिशेबात धरायच्याच तर फ्लॅटमधून पूर्णपणे बाहेर पडल्यानंतर.

तातडीची मदत वेगळी. १८१ महिला हेल्पलाइन, सखी वन स्टॉप सेंटर, गरज पडली तर शक्ती सदनात निवारा, आणि नोकरदार बायकांसाठी सखी निवास. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. 'फुकटचा वकील' म्हणून नाक मुरडू नका, या पॅनलवर डीव्हीची कामं रोज करणारी माणसं असतात.

तडजोडीचं बोलणं निघालं, आणि ते निघतंच, तर क्रम सांभाळा. सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. परस्पर संमतीच्या घटस्फोटात एकाने फ्लॅट ठेवायचा आणि दुसऱ्याने नाव काढायचं, असं ठरतं. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीमध्ये बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त ₹२०० आहे. शहरात वर स्थानिक अधिभार लागू शकतो, तो दुय्यम निबंधकाकडून काढून घ्या. पण ही सवलत पती-पत्नीला आहे. हुकूमनामा झाला की तुम्ही कायद्याने एकमेकांचे कोणी नाही, मग पूर्ण शुल्क. म्हणून दस्त पहिल्या आणि दुसऱ्या मोशनच्या (संमतीच्या घटस्फोटातल्या कोर्टापुढच्या दोन टप्प्यांच्या) मधल्या काळात करून घ्यावा. प्राप्तिकरातही जोडीदाराकडून मिळालेली भेट करमुक्त आहे, पूर्वाश्रमीच्या जोडीदाराकडून मिळालेली तशी नाही. बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय. हिश्श्याचे पंचवीस लाख घेऊन बक्षीसपत्र करणं म्हणजे स्वतःच्या हाताने अडचण लिहून देणं. पैसे घेणार असाल तर मोबदल्याचं हक्कसोडपत्र किंवा विक्रीचा दस्त करा, त्याचं शुल्क हिश्श्याच्या किमतीवर लागेल. कर्ज चालू असेल तर दोन्हींसाठी बँकेची ना-हरकत लागतेच.

स्टँपपेपरवर नोटरी करून 'फारकत झाली, पत्नीने फ्लॅटवरचा हक्क सोडला' असे कागद गावाकडे अजून करतात, पुण्यातही करतात. त्याने घटस्फोट होत नाही आणि नोंदणी नसल्याने फ्लॅटमधला हिस्साही सरकत नाही. तरीही सही करू नका, तो कागद समोरचा तुमच्या तोंडावर नाचवत बसेल. आणि एक: नाव मालकीतून काढलं म्हणजे कर्जातून निघालं, असं अजिबात नाही. हिस्सा देऊन टाकला आणि सहकर्जदार म्हणून वीस वर्षं अडकून पडल्या, अशा बायका आहेत. दस्त आणि कर्जमुक्तीचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं पाहिजे. बँक एकट्या नवऱ्याच्या पगारावर कर्ज पुढे चालवायला तयार नसेल तर काय, हे कन्सेंट टर्म्समध्ये (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी अटींमध्ये) आधीच लिहा: अमुक तारखेपर्यंत बँक बदलून घेतली नाही तर फ्लॅट विकायचा, कर्ज फेडायचं, उरलेलं अमुक प्रमाणात वाटायचं, आणि तोपर्यंत भाडं चालू राहील. पैसे कोर्टासमोर डीडीने घ्या.

घटस्फोटानंतर डीव्हीतला राहण्याचा हक्क बराच कमकुवत होतो. सहमालकीचा हक्क उरतो, पण त्यावरून भाडं मागणं लांबचा रस्ता आहे. त्यामुळे निवासाचं जे काय मिळवायचं ते हुकूमनाम्याआधी, किंवा हुकूमनाम्यात लिहून. घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात आधीच चालू असेल तर डीव्हीच्या कलम २६ प्रमाणे हेच निवासाचे आदेश तिथेही मागता येतात, दोन कोर्टांच्या पायऱ्या झिजवायची गरज नाही.

कोणी पुरुष हे वाचत असतील आणि बाहेर पडायची वेळ त्यांच्यावर आली असेल, तर डीव्ही त्यांना उपलब्ध नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ मात्र उत्पन्न नसलेल्या पतीलाही अंतरिम पोटगी मागू देतं, आणि वाटपाचा दावा दोघांनाही सारखाच खुला आहे. लग्न न करता एकत्र राहिलेल्या बाईला, नातं विवाहासारखं होतं हे दाखवता आलं, तर डीव्ही लागू होतो. तिथे दोघांच्या नावावरचा फ्लॅट हाच मोठा पुरावा ठरतो.

शेवटचं विचारलंय की भाड्याच्या पत्त्यावर आधार आणि मुलीच्या शाळेची नोंद केली तर 'मी स्वतःहून घर सोडलं' असा अर्थ निघेल का. खुशाल बदला. पत्त्याने मालकी ठरत नाही, सूची दोन आणि करार ठरवतात. उलट फायदाच आहे. डीव्हीचा अर्ज तुम्ही तात्पुरत्या राहत असाल त्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्यांकडेही करता येतो, आणि तिथे राहता हे दाखवायला नोंदणीकृत भाडेकरारासोबत तोच पत्ता उपयोगी पडेल. फक्त फ्लॅटचं वीजबिल तुमच्या नावावर असेल तर ते मात्र बदलायला देऊ नका.